आयजी कोण?

दिवाळीच्या अंकात दिवे मालवण्याविषयी लिहायचे, हे अंमळ विपरीतच झाले. संपादकांनी विषयाची मोकळीक दिली होती. फराळावर, माहेरावर किंवा आकाशकंदिलावर मला लिहिता आले असते आणि घरोघरी ते चवीने वाचलेही गेले असते. परंतु गेले कित्येक महिने एक प्रश्न माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे. तो दिव्याचाच असल्यामुळे दिवाळीला अगदीच परका नाही, अशी मी मनाची समजूत घातली आहे. प्रश्न असा: ज्या दिव्याचे बिल आपल्याला भरायचे नाही, आणि जो रात्रभर जळत राहिला तरी आपल्याला कोणी बोलणार नाही, तो मालवण्याचे आपल्यावर काही बंधन आहे काय? असले तर आपण ते कोणाचे देणे लागतो?

घरात हा प्रश्न उद्भवत नाही. घरात बिल येते. मोरीतला दिवा चालू राहिला की आमची आई ओरडायची, "तो कोणासाठी ठेवलाय? झुरळांना वाचायला?" घरची काटकसर अशी निम्मी नीती असते आणि निम्मा हिशेब. दोन्ही इतकी एकजीव झालेली असतात की, आपण दिवा मालवला तो सद्गुणामुळे की महिनाअखेरच्या भीतीमुळे, हे आपले आपल्यालाही सांगता येऊ नये.

जाता जाता एक सांगते. आपल्या बायकांनी दिवा कधी 'विझवला' नाही. दिवा मालवायचा, शांत करायचा. विझणे हा शब्द तोंडातून निघाला तर आजी जीभ चावायला लावी. ज्योतीला निरोप देण्याचे एक वळण होते. आता बटण आले आणि दिव्याचे क्रियापद दाराचे आणि नळाचे झाले: बंद कर. यात काही बिघडले असे मी म्हणत नाही. तेलाचे दिवे घासून आणि काजळी पुसून ज्यांचे हात खरखरीत झाले, त्यांना बटणाची किंमत विचारावी. पण तेल डोळ्यांदेखत खाली उतरताना दिसत असे आणि वीज खाली उतरताना दिसत नाही, एवढा फरक मात्र खरा.

तेव्हा हा प्रश्न शुद्ध स्वरूपात पाहायचा तर घराबाहेर पडले पाहिजे. जिथे माणसे दिवसभर राबतात, वाचतात, राहतात, पण बिल कोणाच्याच हाती पडत नाही, अशी जागा पाहिजे. विद्यापीठ ही तशी जागा आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मी लहान मुलांना शिकवते, कादंबऱ्या लिहिते, आणि विद्यापीठ या शब्दाविषयी मला जो आदर वाटतो तो तिथे न शिकलेल्या माणसाचा आदर आहे. तो जरा जास्तच असतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका कादंबरीसाठी जुनी नियतकालिके चाळायची होती, म्हणून दहा दिवस एका विद्यापीठाच्या अतिथिगृहात उतरले होते. माझी भाची तिथेच जीवशास्त्रात संशोधन करते. विद्यापीठाचे नाव सांगण्याचे कारण नाही. जे पाहिले ते कुठेही पाहायला मिळाले असते.

ग्रंथालयाला जाण्याच्या वाटेवर वर्गांची एक लांब ओळ होती. दुपारी वर्ग सुटलेले, बाके रिकामी, आणि प्रत्येक वर्गात आठ-आठ पंखे त्या रिकाम्या बाकांना वारा घालीत होते. खिडक्यांवर ऊन नको म्हणून जाड पडदे ओढलेले आणि पडद्यांमुळे अंधार होतो म्हणून भरदुपारी दिवे लावलेले. एका कार्यालयात वातानुकूलन यंत्र अठरा अंशांवर ठेवलेले होते आणि तिथल्या बाई मे महिन्यात शाल पांघरून बसल्या होत्या. मला शिक्षिकेची खोड. पहिल्या दिवशी मी एका वर्गात शिरून पंख्यांची बटणे बंद करू लागले. मागल्या बाकावर एक मुलगा कानात काहीतरी घालून बसला होता. तो लगबगीने पुढे आला आणि म्हणाला, "मावशी, राहू द्या. बिल विद्यापीठ भरतं."

तो उद्धट मुळीच नव्हता. उलट एका वयस्क बाईला उगाच तसदी पडते आहे, हे पाहून त्याला वाईट वाटले होते. म्हणूनच त्याचे वाक्य माझ्या मनातून जाईना. बिल विद्यापीठ भरते. म्हणजे कोण भरते? कुलगुरू भरीत नाहीत, प्राध्यापक भरीत नाहीत, विद्यार्थी भरीत नाहीत. सगळ्या आवाराला मिळून कुठेतरी एक मोठे मीटर असते. त्याचा आकडा अशा एका कार्यालयात जातो जिथे विद्यार्थ्याचे पाऊल कधी पडलेले नसते. आपल्याकडे म्हण आहे, आयजीच्या जिवावर बायजी उदार. या आवारात बायजी कोण हे उघडच आहे, पंख्याखाली बसलेला प्रत्येक जण. आयजी कोण, एवढेच कोणाला ठाऊक नाही.

सोपे उत्तर असे की आयजी म्हणजे सरकार, म्हणजे जनता. हा जनतेचा पैसा आहे. या उत्तराच्या पाठीशी एक जुनी गोष्टही उभी असते. चाणक्याकडे रात्री कोणी पाहुणा आला. चाणक्य राज्यकारभाराचे काम करीत होता. काम संपताच त्याने तो दिवा मालवला आणि पाहुण्याशी बोलण्यासाठी दुसरा लावला. पहिल्यातले तेल राज्याचे, दुसऱ्यातले स्वतःचे. गोष्ट खरी की रचलेली हे सांगता येत नाही. खलिफा दुसऱ्या उमरविषयीही अशीच गोष्ट सांगतात. चांगल्या गोष्टींना अनेक गावे असतात. मी ती वर्गात पुष्कळदा सांगितली आहे आणि मुलांना ती आवडते, कारण तिच्यात दोन दिवे आहेत.

पण आपल्या प्रश्नाला ती लागू पडत नाही. चाणक्याची गोष्ट मालकीची आहे. राज्याचे तेल खाजगी कामाला वापरू नये, एवढेच ती सांगते. राज्याच्या कामासाठी दिवा किती वेळ जाळावा आणि काम नसताना तो जळत राहिला तर काय, याविषयी ती गप्प आहे. विद्यापीठातला दिवा विद्यार्थ्यासाठीच आहे. तो तिथे बसून वाचतो तेव्हा चोरी करीत नाही.

उलट दुसरी एक गोष्ट आपण तितक्याच कौतुकाने सांगतो. गरीब विद्यार्थी, घरात तेल नाही, म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करतो आणि पुढे थोर होतो. ईश्वरचंद्र विद्यासागरांची ही गोष्ट कित्येक पिढ्यांनी ऐकली आहे. आता मौज पाहा. रस्त्यावरचा दिवा सार्वजनिक तेलाचा. त्याखाली खाजगी अभ्यास. चाणक्याच्या कसोटीला ही गोष्ट साफ नापास व्हावी. पण आपण त्या मुलाला नावे ठेवतो काय? आपले डोळे भरून येतात. कारण तो दिवा तसाही जळत होता आणि त्या मुलाने त्याच्या उजेडाचे सोने केले. या दोन गोष्टी एकाच आठवड्यात सांगूनही गेल्या वीस वर्षांत एकाही मुलाने मला अडवले नाही, याचे मला अलीकडे नवल वाटू लागले आहे.

तेव्हा पैसा कोणाचा, हा धागा धरून फार दूर जाता येत नाही. तसे असते तर ज्याच्या घरी बिल भरायला भरपूर पैसा आहे, त्याने रिकाम्या खोल्यांतून पंखे फिरवावेत आणि त्याला कोणी काही म्हणू नये, असे ठरले असते. तेही आपल्या मनाला पटत नाही. मोजलेल्या पैशांनी विकत घेतलेले अन्न पानात टाकून उठणाऱ्यालाही आपण माजलेला म्हणतोच. याचा अर्थ, पैसे भरणारा आणि किंमत मोजणारा हे दोन निराळे असू शकतात. आयजी शोधायची तर बिलाच्या कार्यालयात न शोधता वीज जिथून येते तिथे शोधली पाहिजे.

आधी एक युनिट म्हणजे किती, ते पाहू. मुलांना हे सांगायला मला एक युक्ती सापडली आहे. हजार लिटर पाणी, म्हणजे दहा क्विंटल वजन, सुमारे तीनशे सदुसष्ट मीटर उंच चढवायला जेवढे श्रम पडतील तेवढे एका युनिटमध्ये असतात. सिंहगडाच्या साधारण निम्म्या उंचीपर्यंत दहा क्विंटल ओझे न्यायचे. धडधाकट मजूर दिवसभर राबला तरी जेमतेम अर्ध्या युनिटएवढे काम करतो. म्हणजे प्रत्येक युनिटामागे दोन गड्यांची पुऱ्या दिवसाची मजुरी. वर्गातला जुन्या पद्धतीचा एक पंखा पाऊणशे वॅटचा. असे आठ पंखे दीड-पावणेदोन तास फिरले की एक युनिट होतो. म्हणजे त्या रिकाम्या बाकांना वारा घालायला आपण दर दीड-दोन तासांनी दोन गडी दिवसभरासाठी लावीत होतो. तसे गडी खरोखरीच उभे केले असते, तर त्या मुलाने मला 'राहू द्या' म्हटले असते काय?

हे गडी अगदीच काल्पनिक आहेत असेही नाही. कोयनेचे पाणी मूळचे पूर्वेला वाहणारे, कऱ्हाडला कृष्णेला मिळणारे. विजेसाठी ते डोंगर पोखरून पश्चिमेला वळवले आहे आणि साडेचारशे मीटरांहून अधिक खाली कोकणाच्या बाजूला सोडले आहे. त्याचे हजार लिटर खाली आले की साधारण एक युनिट हाती लागतो. त्या पाण्याखाली, म्हणजे आजच्या शिवसागर जलाशयाखाली, गावे होती. १९६० च्या आगेमागे ती उठली. त्यांतली माणसे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी चहूकडे पांगली, आणि त्यांच्या पुनर्वसनाची भांडणे त्यांच्या नातवंडांपर्यंत चालत आली. त्याही आधी, १९२१ मध्ये, मुळशीचा सत्याग्रह झाला. टाटांच्या धरणाखाली पन्नासाच्या आसपास मावळी गावांची भातखाचरे जाणार होती. ती वाचावीत म्हणून लोक उठले, तीन वर्षे लढले आणि हरले. पांडुरंग महादेव बापटांना सेनापती हे नाव याच लढ्याने दिले. धरण झाले, १९२७ साली भिरा येथून वीज सुरू झाली आणि ती मुंबईला गेली. मुंबईत दिवे लागले, गिरण्या चालल्या, त्या गिरण्यांत मावळातलीच मुले कामाला गेली. ती वीज नको होती असे आज कोणी म्हणू शकणार नाही. मीही म्हणत नाही. पण ती फुकट आली असे मात्र म्हणता येणार नाही.

आज आपल्या देशातली बहुतेक वीज पाण्याची नाही, कोळशाची आहे. दहा भागांतले सात तरी कोळशाचे. एका युनिटामागे सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे आहे. चंद्रपूरचा उन्हाळा महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा वर्तमानपत्रांत त्या गावाचे नाव येते. त्या उन्हात खाणी आहेत, राख आहे, धूर आहे, आणि ते सगळे श्वासावाटे घेणारी माणसे आहेत. कुठल्यातरी कार्यालयात मे महिन्यात शाल पांघरून बसता यावे म्हणून जी थंडी तयार होते, तिची ऊब चंद्रपुरात शिल्लक राहते. आयजीचा पत्ता असा हळूहळू लागू लागतो. ती एक नाही. बऱ्याच आहेत, आणि त्यांपैकी एकीनेही आपल्याला 'घे' म्हटलेले नाही.

इथवर आले आणि मला वाटले की सुटले. पण माझ्या भाचीने मला सुटू दिले नाही. तिने केंब्रिजच्या डेव्हिड मॅकाय नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाचे म्हणणे माझ्यापुढे ठेवले. हे गृहस्थ २०१६ मध्ये वारले. ऊर्जेच्या हिशेबावर त्यांनी २००८ साली लिहिलेले पुस्तक जगभर वाचले गेले. त्यांचा राग एका गोष्टीवर होता: सगळ्यांनी थोडे थोडे केले की फार मोठे होते, या समजुतीवर. सगळ्यांनी थोडे केले तर होते तेही थोडेच, असे ते म्हणत. त्यांनी उदाहरण दिले होते ते असे: मोबाइलचा चार्जर नुसताच भिंतीला लावून ठेवला असेल तर तो दिवसभर काढून ठेवल्याने जेवढी ऊर्जा वाचते, तेवढी मोटार एका सेकंदात खाते. एका सेकंदात! आणि मी गेली वीस वर्षे फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहीत आले आहे: थेंबे थेंबे तळे साचे.

म्हण खोटी नाही. पण थेंब केवढा आणि तळे केवढे, हे ती सांगत नाही. भाचीबरोबर मी कागद घेऊन बसले. वसतिगृहाच्या खोलीतला नऊ वॅटचा दिवा रात्री दहा तास विसरून चालू राहिला, तर युनिटाचा अकरावा हिस्सा जळतो. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र एका तासाला एक-दीड युनिट घेते. तिच्या प्रयोगशाळेत नमुने गोठवून ठेवण्याचे एक कपाट आहे, उणे ऐंशी अंशांचे. ते जुन्या बनावटीचे असल्यामुळे दिवसाला अठरा-वीस युनिट खाते, रोज, दिवाळीलाही. म्हणजे ते कपाट एका दिवसात जे खाते तेवढ्यात तो विसरलेला दिवा रोज रात्री जळत दोनशे रात्री काढील.

आणि पाटी कुठे लावलेली असते? 'कृपया दिवा बंद करा' ही पाटी वसतिगृहाच्या खोलीत, दिव्याच्या बटणाच्या वर. कपाटावर नाही, अठरा अंशांच्या यंत्रावर नाही, पश्चिमेला काचेची भिंत उभारणाऱ्या वास्तुशिल्पकाच्या नकाशावर तर नाहीच नाही. इथे मला जे खुपले ते सांगते. काटकसरीचा उपदेश पाण्यासारखा असतो. तो उताराकडे वाहतो. शिपायाला सांगायचे, विद्यार्थ्याला सांगायचे, सून असेल तर तिला सांगायचे. ज्याचा वापर सर्वांत लहान आणि सर्वांत उघडा, त्याला सर्वांत जास्त ऐकावे लागते. मोठा वापर भिंतीच्या आत असतो, छतावर असतो, 'संशोधन' आणि 'सोय' अशा भारदस्त शब्दांच्या मागे असतो.

जुन्या लोकांना इमारती बांधायचे कळत होते, हे मात्र मान्य केले पाहिजे. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले, पण त्याची मुख्य इमारत १८७१ च्या सुमारास मुंबईच्या गव्हर्नरांच्या पावसाळी मुक्कामासाठी बांधून झालेली. जाड दगडी भिंती, उंच छत, भोवती व्हरांडे. साहेबाला आपला उन्हाळा सोसत नव्हता आणि त्याच्याजवळ बटण नव्हते, म्हणून त्याला उन्हाशी अक्कलहुशारीने वागावे लागले. आज आपल्याजवळ बटण आहे. म्हणून आपण लंडनला शोभेल अशी काचेची पेटी विदर्भात बांधतो आणि मग तिच्यात माणसे शिजू नयेत म्हणून यंत्रे लावतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या शिफारशीवरून १ जानेवारी २०२० पासून घरगुती यंत्रे कारखान्यातून चोवीस अंशांवर लावून येऊ लागली. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्युरोचे म्हणणे. पण ती चोवीसवरून अठरावर आणायला बोट लागते, आणि बोट सर्वांनाच आहे.

मग लहान दिवा जळू द्यावा काय? मोठे लोक मोठे जाळतात, तर आमचा नऊ वॅटचा काय गुन्हा? हा युक्तिवाद मला मोहक वाटतो, पण त्यात एक चोरवाट आहे. प्रत्येक जण आपल्याहून मोठा कोणीतरी दाखवू शकतो. ते गोठवणारे कपाट अठराव्या मजल्याच्या इमारतीकडे बोट दाखवील, इमारत विमानाकडे, विमान आणखी कोणाकडे. आणि खरे सांगायचे तर मॅकायसाहेबांच्या हिशेबाने माझे बटण निरुपयोगी ठरत नाही. ते लहान ठरते, एवढेच. लहान गोष्ट करून मोठी केल्याचे समाधान मिळवू नये, हे त्यांचे म्हणणे मला शिरसावंद्य आहे. पण लहान गोष्ट लहान म्हणून करायला काय हरकत आहे? आपण पानातले शेवटचे शीत उचलून खातो, ते दुष्काळ हटवण्यासाठी नव्हे.

याउलट टोकाची एक गोष्ट मला याहून जास्त भीतीदायक वाटते. काटकसर आणि कद्रूपणा यांची गफलत. वीज वाचवायची म्हणून ग्रंथालय संध्याकाळी लवकर बंद करणारा एखादा अधिकारी मी कल्पनेने पाहू शकते. कागदावर त्याची बचत त्या पंख्यांच्या बचतीहून उठून दिसेल. आणि ती केवळ पाप असेल. मी शाळेत लागले त्यानंतर थोड्याच वर्षांत, २००५ च्या सुमारास, महाराष्ट्रात भारनियमनाचे दिवस आले. आमच्या तालुक्यात बारा-बारा तास वीज नसे. मॅट्रिकची मुले परीक्षेच्या महिन्यात मेणबत्तीशी डोळे फोडीत बसलेली मी पाहिली आहेत. आजही कित्येक गावांत शेताच्या पंपाला वीज पाळीने मिळते, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या पाळीला बाप दोन वाजता विजेरी घेऊन, साप-बिबट्याच्या भीतीने, उसाला पाणी द्यायला जातो. २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे, कुठे कुठे दिवसाची वीज पोहोचली आहे, कुठे पोहोचायची आहे. त्या बापाची मुलगी विद्यापीठात येते ती कशासाठी? तिथे रात्री बारापर्यंत दिवा असतो म्हणून. खोलीत चौघी, घरी गोठा आणि दूरदर्शन एकाच भिंतीला. तिला जर जगात कुठे उजेड आणि शांतता एकत्र मिळत असेल तर ती त्या ग्रंथालयात. तिच्या डोक्यावरचा दिवा मालवणारा हात मला नको आहे. तिच्यासाठी दोन दिवे जास्त लागले तर लावा. मुळशीच्या आयजीला विचारले असते, तर तिनेही या मुलीसाठी 'घे' म्हटले असते, असे मला वाटते. तिला विचारले नव्हते, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही.

वर्गातला एक पंखा बंद केला की त्या बापाला लगेच दिवसा वीज मिळते, असे मी म्हणणार नाही. वीज अशी ओंजळीने इकडची तिकडे देता येत नाही. पण दिवसा विजेची ओढाताण असते म्हणून त्याच्या वाट्याला रात्र येते, आणि त्या दिवसाच्या ओढाताणीत शाल पांघरून बसलेले आमचे ते कार्यालय आहे, हे खरे आहे.

कोणी म्हणेल, आता नवे दिवे आले, नवे पंखे आले, पाऊणशे वॅटचे काम तीस वॅटमध्ये होते, मग ही चिंता कशाला? यावर १८६५ साली जेव्हन्स नावाच्या एका इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाविषयी लिहून ठेवले आहे की, इंजिने कमी कोळशात चालू लागली तसा कोळसा कमी न जळता जास्त जळू लागला, कारण इंजिने स्वस्त झाली आणि सगळीकडे झाली. २०१५ पासून स्वस्त एलईडी दिवे घरोघरी आले हे फार उत्तम झाले. पण आमच्या आळीत पूर्वी दिवाळीला एक कंदील आणि पणत्या असत, आता गच्चीपासून तुळशीपर्यंत माळा असतात. असू द्यात. दिवाळी आहे. माझ्याही घरी एक माळ आहे.

भाचीच्या कपाटाचे सांगायचे राहिले. कोलोरॅडो विद्यापीठातल्या लोकांनी असली कपाटे उणे ऐंशीऐवजी उणे सत्तरवर ठेवण्याचा पुष्कळ वर्षे पाठपुरावा केला आहे. दहा अंशांनी जवळजवळ तीस टक्के वीज वाचते, आणि बहुतेक नमुने तिथेही सुखरूप राहतात. हार्वर्डच्या रसायन विभागात धूर ओढून घेणाऱ्या कपाटांच्या काचा काम नसताना खाली ओढाव्यात म्हणून विद्यार्थ्यांत चुरस लावतात. भाचीने हे वाचले आणि तिला उत्साह चढला. पण ते कपाट तिच्या एकटीचे नाही. चार मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांचे नमुने त्यात आहेत. वरच्या वर्षातली एक मुलगी सात वर्षे सह्याद्रीतल्या ओढ्यांचे पाणी गोळा करीत हिंडली. तिचे सगळे संशोधन दुसऱ्या कप्प्यात आहे. ती म्हणाली, "बहुतेक नमुने राहतात म्हणतेस. माझे त्या बहुतेकांत नसले तर?" भाचीला उत्तर देता आले नाही. तिने मला विचारले, तेव्हा मलाही आले नाही. रोजचे सहा युनिट, वर्षाला दोन हजारांच्या वर. आणि समोर एका मुलीची सात वर्षे. आयजीच्या जिवावर उदार होऊ नये हे खरे, पण आयजीसाठी मैत्रिणीच्या जिवावर उदार होणे, हेही बायजीपणच झाले.

शेवटी त्या दोघींनी मिळून एक आडवाट काढली. अंशांना तूर्त हात लावायचा नाही. आधी कपाटात काय काय आहे याची यादी करायची. शिकून निघून गेलेल्यांचे डबे त्यात कित्येक वर्षे पडून आहेत. 'कोणाचे तरी असतील' म्हणून त्यांना आजवर कोणी हलवलेले नाही. ज्यांचा पत्ता लागेल त्यांना विचारायचे, नको असलेले काढायचे, आणि जागा झाली तर शेजारच्या विभागातले अर्धे भरलेले कपाट रिकामे करून बंद करायचे. चौघाही मार्गदर्शकांची संमती लागणार आहे. तिघांची मिळाली आहे. चौथे दिवाळीनंतर विचार करू म्हणाले आहेत.

काल भाचीचा फोन आला. धनत्रयोदशीला यायची ती आता नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानाच्या वेळेपर्यंत पोहोचेल. यादी निम्मीच झाली आहे, जाड हातमोजे घालूनही बोटे बधिर होतात आणि दार फार वेळ उघडे ठेवून चालत नाही. चौथ्या कप्प्यात अगदी मागे तिला २००९ सालचा एक डबा सापडला. त्यावर नाव नाही, विभाग नाही. निळ्या शाईत मोठ्या अक्षरांत एवढेच लिहिले आहे: महत्त्वाचे.